पांढऱ्या पेशींची मोजदाद

वडिलांच्या फायलीत सीबीसीचे अकरा कागद आहेत. वयाच्या ७४व्या वर्षी त्यांची केमोथेरपी सुरू झाली. तिसऱ्या फेरीच्या सकाळी डॉक्टर कागद पाहून म्हणाले, "पेशी कमी आहेत, आठवड्याने या." परतताना रिक्षात वडील गप्प होते. आपल्यावरचे उपचार संपले, असेच त्यांनी धरले. तो आकडा काय सांगतो, हे तेव्हा मलाही माहीत नव्हते. पुढे मी त्याचा माग काढत राहिलो.

माग थेट रणांगणावर निघाला. जुलै १९१७मध्ये जर्मन सैन्याने ईप्रजवळ मस्टर्ड वायू वापरला. कातडीवरचे फोड सर्वांना दिसले. पण या वायूने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि अस्थिमज्जा ओस पडते, ही नोंद एडवर्ड व हेलन क्रुम्बार यांनी १९१९मध्ये प्रसिद्ध केली. १९४२मध्ये येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांच्या संशोधनातून त्याच कुळातले नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोसार्कोमाच्या एका रुग्णाला दिले गेले. गाठी विरघळल्या, पांढऱ्या पेशीही कोसळल्या. गाठी परतल्या आणि वर्ष सरायच्या आत रुग्ण दगावला. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे काम १९४६पर्यंत छापले गेले नाही.

म्हणजे केमोथेरपीच्या जन्मापासून पेशींची घट तिच्या सोबतच आहे. प्रश्न होता, किती घट सोसवते? पूर्वी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली, चौकटी आखलेल्या काचेवर एकेक करून मोजत. वॉलेस कोल्टर यांना १९५३मध्ये पेटंट मिळालेल्या पद्धतीत पेशी बारीक छिद्रातून जाताना विजेच्या स्पंदनाने मोजल्या जाऊ लागल्या. १९६६मध्ये जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत दाखवले, की जंतूंशी लढणाऱ्या पेशी जितक्या कमी आणि जितके दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका अधिक. आज एका मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल ५००च्या खाली गेले, तर ती घट गंभीर मानतात. अशा वेळी साधा तापही घरी अंगावर काढायचा नसतो.

म्हाताऱ्या माणसाचे गणित आणखी नाजूक. वयाबरोबर अस्थिमज्जेची शिल्लक घटते. खर्च झालेल्या पेशी भरून यायला वेळ लागतो. म्हणून पासष्टीपुढचे वय हा धोक्याचा एक घटक धरतात. अमेरिकेत १९९१पासून पेशी वाढवणारे इंजेक्शनही मिळू लागले. परंतु नुसते वय पाहून डोस कमी केला, तर उपचारच दुबळा पडतो. प्रत्येक फेरीआधीची मोजदाद डॉक्टरांना जन्मतारखेपलीकडे, त्या माणसाच्या रक्ताकडे पाहायला लावते. या इतिहासातून मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

आठवड्याने वडिलांचा आकडा वर आला, तिसरी फेरी झाली. पुढचे कागद ते स्वतः आधी वाचत, पेन्सिलीने खूण करत आणि मगच माझ्या हाती देत. मात्र त्या दिवशी रिक्षात मी त्यांना एवढे तरी सांगायला हवे होते, की अण्णा, उपचार थांबलेले नाहीत. तुमच्या हाडांना आठवडाभराची उसंत दिली आहे.