झाकीमागची मोटर

मृगाचे चार पाऊस झाले की भंडाऱ्यात कूलरमधलं पाणी काढून टाकतात आणि कूलर जिन्याखाली सरकवतात. त्याच्या आत तळहातावर मावेल एवढी एक चपटी मोटर असते. समोरच्या पट्ट्या डावी-उजवीकडे हलवणं एवढंच तिचं काम. दुकानात तिला ‘स्विंग मोटर’ म्हणून मागायची. भाद्रपदात हीच मोटर गणपतीच्या मंडपात हजर होते. तिथे ती यशोदेची रवी घुसळते, गरुडाचे पंख हलवते, शेषाचे फणे डोलवते. नवरात्रात तीच शारदेच्या मंडपात जाते. माणसं थांबून बघतात, लेकरं तर हलायलाच तयार नसतात.

पुण्या-मुंबईकडे मंडपातल्या या हलत्या दृश्याला हलता देखावा म्हणतात, आमच्याकडे झाकी. शब्द हिंदीतून आला. ‘झाँकना’ म्हणजे डोकावणं, आणि देवाचं क्षणभर होणारं दर्शन ती ‘झाँकी’. भंडाऱ्यावरून जाणारा कोलकात्याचा महामार्ग पुढे राजनांदगावला पोचतो. तिथे गणेश विसर्जनाच्या रात्री झाक्यांची मिरवणूक निघते आणि त्यातल्या कित्येक दुसऱ्या रात्री रायपूरला जातात. पूर्व विदर्भात देखावा मागे पडून झाकी रुळली, ती या शेजारामुळे असं मला वाटतं. मराठी कानाला मात्र हा शब्द उलटाही ऐकू येतो, कारण आपल्याकडे झाकणं म्हणजे पांघरूण घालणं. मला दोन्ही अर्थ खरे वाटतात. समोरून जे डोकावून बघायचं, त्याचा जीव मागे झाकलेला असतो. ही कुळकथा त्या झाकलेल्या बाजूची आहे.

निर्जीव वस्तू आपोआप हलावी ही हौस फार जुनी. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. त्यात नाचणाऱ्या बाहुल्या आहेत, यंत्राचे पक्षी आहेत. आपल्या घरात या हौसेचं पहिलं रूप म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. त्याच्या पायांना चाकं असतात, दोरी ओढणारं लेकरू हीच त्याची मोटर. हा सण १८०६ साली दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असं नागपूरकर सांगतात. पोळा सरला की पंधरवड्याच्या आत गणपती येतात, म्हणजे चाकावरचा बैल आणि झाकीतला गरुड एकाच मोसमातले.

सार्वजनिक गणेशोत्सवाला टिळकांनी १८९३ पासून जोर दिला. पौराणिक प्रसंगांचे देखावे आधी स्थिर होते, त्यांना हालचाल आली ती विजेबरोबर. पुण्यात शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी तुळशीबाग मंडळासाठी वर्षानुवर्षं देखावे उभे केले. त्या शहरात हलता देखावा ही एक स्वतंत्र कलाच झाली. पण त्यातल्या मोटरचं मूळ बघायला बॉस्टनला जावं लागतं.

हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन माणसाने विजेवर चालणारं घड्याळ केलं. त्याची मोटर विजेच्या लहरींशी पाऊल जुळवून फिरायची. अडचण अशी की वीजकेंद्रातल्या लहरीच कमी-जास्त होत, म्हणून घड्याळ चुके. मग १९१६ मध्ये त्याने बॉस्टनच्या वीजकेंद्रातच एक मुख्य घड्याळ बसवलं आणि लहरींनाच शिस्त लावली. कूलरची मोटर त्याच कुळातली. आपल्याकडे सेकंदाला ५० लहरी येतात, त्यांच्या तालावर आतलं चुंबक मिनिटाला शेकडो फेरे घेतं. त्यापुढे इवल्या दातेरी चाकांची रांग ते फेरे पाच-सहावर आणते. वीज जेमतेम चार वॅट लागते. एक गंमत म्हणजे या मोटरला दिशेचं बंधन नाही. चालू करताना ती कुठल्याही बाजूने फिरू लागते आणि अडली तर बहुतेक वेळा उलटी वळते. घड्याळात हा दोष ठरेल. झाकीवाल्याने त्याचाच उपयोग केला: दोन बाजूंना दोन खुंट्या ठोकल्या की मान इकडून तिकडे आपोआप वळत राहते.

जड काम मात्र तिला झेपत नाही. पूतना कोसळायची असेल किंवा रावणाच्या दहा माना एकदम हलवायच्या असतील, तर वायपरची मोटर आणावी लागते. ती भंगारात मिळते, कारची १२ व्होल्टची, ट्रकची २४ व्होल्टची. तिच्या पोटात मळसूत्री दाता असतो. तो वेग कमी करून जोर वाढवतो, शिवाय वीज गेली तरी उचललेला हात सहसा खाली पडू देत नाही. याच महामार्गावर लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना ट्रकचे गिअरबॉक्स बनवतो. तिथलं तत्त्व आणि मंडपातलं तत्त्व एकच आहे, वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा.

मोटर नुसती गोल फिरते, पण माणसाचा हात गोल फिरत नाही. म्हणून चकतीच्या कडेला एक खिळा मारतात, त्यात पत्र्याची पट्टी अडकवतात आणि पट्टीचं दुसरं टोक बिजागरीवर बसवलेल्या हाताला जोडतात. खिळा मध्यापासून जितका दूर, तितका हात मोठा हलतो. माझ्या लहानपणी मी एका झाकीच्या पडद्यामागे शिरलो होतो. पुढे कृष्ण कालियाच्या फण्यावर नाचत होता. मागे सायकलची चेन, एक बेअरिंग, ग्रीसचा डबा आणि स्टुलावर बसलेला एक माणूस होता. तो कान देऊन आवाज ऐकत होता. समोरचं काही आज नीट आठवत नाही, ती चेन आठवते.

युरोपात वॉरनच्या घड्याळानंतर थोड्याच वर्षांत कलावंतही मोटरकडे वळले. नाऊम गाबोने १९१९-२० मध्ये मॉस्कोत पोलादाची एक उभी काडी मोटरने अशी थरथरवली की हवेत घाटदार आकार दिसू लागला. यादवीच्या दिवसांत सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा त्याने जुन्या विजेच्या घंटेची यंत्रणा वापरली. म्हणजे भंगारातून शिल्प ही रीत फक्त आपली नाही. अलेक्झांडर काल्डरच्या हलत्या शिल्पांना १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँने ‘मोबाइल’ हे नाव दिलं. पुढे काल्डरला मोटरच्या त्याच त्या फेऱ्यांचा कंटाळा आला आणि तो वाऱ्याकडे गेला. १९५५ मध्ये अहमदाबादला साराभाईंकडे राहून त्याने काही शिल्पं केली, तोवर वाराच त्याची मोटर झाला होता.

मला काल्डरचा कंटाळा समजतो, पण झाकीला तो लागू होत नाही. दालनात बघणारा एकटा शिल्पासमोर उभा राहतो. मंडपात रांग पुढे सरकत असते. यशोदेची रवी रात्रभर तशीच घुसळते, पण समोरचं लेकरू दर मिनिटाला वेगळं असतं. त्यासाठी तीच ती हालचाल हवी, न चुकता हवी. हे जमवणं मी दालनातल्या शिल्पापेक्षा कमी मानत नाही.

तरी गाबोच्या काडीची आवृत्ती लंडनच्या टेट संग्रहालयात जपलेली आहे, आणि आपली झाकी दहा-अकरा दिवसांत मोडली जाते. राज्यातल्या २०१८ च्या थर्माकोल-बंदीनंतर सजावटीतलं थर्माकोल गेलं, प्लाय, पुठ्ठा आणि कापड आलं. वजन बदललं म्हणून खिळ्याच्या जागा आणि पट्टीची लांबी पुन्हा बसवावी लागली. हे सगळं कुठे लिहिलेलं नाही, ते हातातून हातात जातं. म्हणून भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इथल्या मंडळांना एकच विनंती: यंदा झाकीचा फोटो काढाल तेव्हा एक फोटो मागच्या बाजूने काढा, त्यात मोटर आणि पट्ट्या दिसू द्या, आणि खाली त्या कारागिराला विचारून त्याचं नाव लिहा.