फेसेस अपग्रेड केल्यावर बॅकिंग बीन का सापडत नाही?

समजा, साताऱ्यातल्या एका पतसंस्थेच्या वेब ॲपला फेसेस 4.0 बसवलं. खातेदाराचा फॉर्म भरून 'सेव्ह' दाबलं, तर 'टार्गेट अनरीचेबल' असा एरर आला. घाबरू नका, डेटाबेस बिघडलेला नाही. फॉर्मची माहिती सांभाळणारा जावा क्लास, म्हणजेच बॅकिंग बीन, पानाला सापडत नाही.

कारण काय? '@मॅनेज्डबीन' 2017 मध्ये कालबाह्य ठरलं आणि 2022 च्या 4.0 आवृत्तीत काढूनच टाकलं. जुनी जार फाइल राहिली असेल तर कोड कंपाइल होतो, पण बीन तयार होत नाही.

उपाय:
- जुनी जार काढा.
- '@नेम्ड' आणि योग्य स्कोप लावा.
- त्यांचे इम्पोर्ट 'जावाएक्स'ऐवजी 'जकार्ता'ने सुरू करा.
- टॉमकॅटमध्ये सीडीआय नसतं, तिथे वेल्ड जोडा.