अठ्ठेचाळीस हजार होन

ब्रिटिश मुत्सद्दी थोरला विल्यम पिट याच्या कुळाच्या मागे मी लागलो तो एका आकड्यामुळे. त्याचा आजा थॉमस पिट मद्रासचा गव्हर्नर. त्याने जमचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून ४१० कॅरटचा कच्चा हिरा घेतला. जमचंदने दोन लाख सांगितले, घासाघीस होऊन ४८,००० पॅगोडांना सौदा ठरला. पॅगोडा म्हणजे काय हे शोधायला गेलो, तर निघाला आपला होन! शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी पाडला, त्याच जातकुळीचा.

होन हा शब्द कानडी ‘होन्नु’, म्हणजे सोने, यावरून आला. त्यात वाद नाही. वाद आहे तो पॅगोडाचा. एक पक्ष फारसी ‘बुतकदा’, म्हणजे मूर्तीचे घर, याकडे बोट दाखवतो, दुसरा ‘भगवती’कडे. मी भगवतीच्या बाजूचा. पोर्तुगीज ‘पागोद’ हा शब्द मूर्ती, देऊळ आणि नाणे या तिघांनाही लावत. देवीच्या नावापासून निघालो तर या तिन्ही ठिकाणी सहज जाता येते, कारण नाण्यावरही बहुधा देवच असे. मूर्तीच्या घरापासून निघालो तर नाण्यापर्यंत पोचताना दम लागतो. शिवाय ‘ग’ भगवतीत आयता आहे. बुतकद्यातला ‘त’ मात्र कुठे तरी गाडावा लागतो.

असो. थॉमस हा डॉर्सेटमधल्या धर्मगुरूचा मुलगा. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी झुगारून त्याने चोरटा व्यापार केला, दंड भरला, आणि १६९८ साली त्याच कंपनीचा गव्हर्नर म्हणून मद्रासेत उतरला. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली! १७०२ साली हिरा मुलाच्या, रॉबर्टच्या, हाती लंडनला गेला; बुटाच्या टाचेत लपवला होता म्हणतात. पैलू पाडल्यावर सुमारे १४० कॅरट उरले. १७१७ साली फ्रान्सच्या राजप्रतिनिधीने तो १,३५,००० पौंडांना घेतला. त्याच वर्षी थॉमसने कॉर्नवॉलमधली बोकॉनॉकची जहागीर ५४,००० पौंडांना विकत घेतली.

हिऱ्याने पिट घराणे घडवले, असे मी बरेच दिवस सांगत फिरलो. मग ओल्ड सॅरम आडवे आले. मूठभर मतदारांचा हा मतदारसंघ थॉमसने १६९१ सालीच, म्हणजे हिऱ्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, खिशात घातला होता. तेव्हा पार्लमेंटातली खुर्ची आली चोरट्या व्यापारातून. हिऱ्याने फक्त जमीन आणि थाट दिला.

रॉबर्टचा दुसरा मुलगा विल्यम १७०८ साली वेस्टमिन्स्टरात जन्मला. ईटनला शिकला, संधिवाताने गांजला, ऑक्सफर्ड अर्ध्यावर सोडले. धाकट्या पातीला वारसा कसला? वर्षाला शंभर पौंड. १७३१ साली घोडदळात कॉर्नेट झाला, आणि १७३५ साली त्याच ओल्ड सॅरममधून पार्लमेंटात गेला.

आजोबांचा हिरा मात्र १७२२ साली पंधराव्या लुईच्या राज्याभिषेकाच्या मुकुटात बसला. पुढे याच लुईच्या आरमाराशी आणि वसाहतींशी नातवाने सात वर्षांचे युद्ध लढवले.