राजूरच्या रस्त्यावरचा काळवीट कुणापासून पळतो?

जालन्याहून राजूरच्या गणपतीला सकाळी लवकर निघालात, तर एखाद्या हरभऱ्याच्या शेतात कळप दिसू शकतो. गाडीत कुणीतरी ओरडतंच, 'अरे, हरणं!' म्हणायला हरकत नाही. पण चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची मात्र जन्मभर तीच. कुळ बघाल तर हा गाई-बकऱ्यांकडचा, आफ्रिकेच्या सफारीत जागोजागी दिसणाऱ्या इंपालाचा भाऊबंद.

पिळाची शिंगं, काळी पाठ, पांढरं पोट, डोळ्याभोवती पांढरं कडं, हा झाला पूर्ण वाढलेला नर. बदामी रंगाच्या, बिनशिंगाच्या त्या माद्या. बदामी असून शिंगं असतील तर तो तरणा नर, वयानुसार काळा होत जाणारा. एकटा नर जागा धरून उभा असेल आणि जवळ लेंड्यांचा ढीग असेल, तर ती त्याची हद्द समजा. आणि गाडीतून उतरू नका. पायी माणूस दिसला की कळप उधळतो.

ही खोड शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत. बैलगाडीला काळवीट बिचकत नाहीत, कारण ती शेतात रोजचीच. म्हणून डोळ्यांवर टोपी चढवलेला, पाळलेला चित्ता गाडीवर बसवून कळपाजवळ न्यायचे, टोपी काढायचे आणि सोडायचे. (चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे, बरं का!) अकबराकडे असे चित्ते शेकड्यांनी होते. आपल्याकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांना या शिकारीचा मोठा नाद. तिथे चित्ते सांभाळणाऱ्यांचं चित्तेवान हे आडनावच झालं. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून आणवले.

1947 मध्ये कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. देशातले शेवटचे म्हणून तेच सांगितले जातात. 1952 मध्ये चित्ता नामशेष जाहीर झाला. पण काळवीट आजही ताशी 80 किलोमीटरच्या आसपास पळतो. लांडग्यासाठी किंवा गावठी कुत्र्यांसाठी एवढा वेग कशाला हवा? माझ्या मते ही चाल चित्त्यानेच घडवली. चित्ता गेला, चाल राहिली.

1972 च्या कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातलं, 1980 मध्ये नगर जिल्ह्यात रेहेकुरीचं अभयारण्य झालं. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. मराठवाड्यातल्या कळपांना ना कुंपण, ना राखीव रान. गायरानं नांगराखाली गेली, मग चरायला उरलं ते कोवळं सोयाबीन आणि हरभरा. रात्री कळप येतो, सकाळी शेतकरी शेंडे खुडलेल्या ओळी मोजतो. बिनकठड्याच्या विहिरीत हरीण पडलं की तोच शेतकरी दोर घेऊन धावतो.

राजेलोकांची हौस फिटली, तिचा उरलेला हिशेब कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर आला. वनखात्याच्या नुकसानभरपाईच्या यादीत रानडुक्कर, रोह्याबरोबर हरीणही आहे. त्यासाठी आधी अर्ज, मग पंचनामा. आणि पंचनाम्याची माणसं येईपर्यंत कळप पुन्हा त्याच शेतात आलेला असतो.