वैदिक स्वर : श्रवण आणि दर्शन

स्वराचे ग्रहण कानानेच होते, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिची तपासणी करण्याचे कारण सहसा पडत नाही. मराठी किंवा अहिराणी बोलणाऱ्यास आवाजाच्या चढउतारावरून प्रश्न, आश्चर्य वा राग कळतो. परंतु त्यामुळे शब्दाचा कोशगत अर्थ पालटत नाही. चीनच्या मँडरिन भाषेत तो पालटतो. ‘मा’ हा एकच वर्णसमूह उंच व सम स्वरात ‘आई’, तर खाली जाऊन वर येणाऱ्या स्वरात ‘घोडा’ असा अर्थ देतो. अशा भाषेचा श्रोता केवळ ऐकतो की पाहतोही, हा प्रश्न अलीकडच्या ध्वनिविज्ञानाने हाती घेतला आहे. आपल्याकडे तोच प्रश्न वेदपाठाच्या इतिहासात फार पूर्वी उपस्थित झालेला होता.

स्वरभेदाने अर्थभेद होतो याचे प्रसिद्ध उदाहरण पतंजलीने महाभाष्याच्या प्रारंभीच दिले आहे. ‘इंद्रशत्रु’ हा शब्द अंतोदात्त उच्चारल्यास तत्पुरुष होऊन ‘इंद्राचा घातक’ असा अर्थ होतो. आद्युदात्त उच्चारल्यास बहुव्रीही होऊन ‘इंद्र ज्याचा घातक आहे तो’ असा उलट अर्थ निघतो. येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. मँडरिनमध्ये बहुतेक प्रत्येक अक्षरास स्वतःचा स्वर असतो, तर वैदिक पदात सामान्यतः एकच उदात्त असतो. तेव्हा दोन्ही व्यवस्था एकरूप नव्हेत. तथापि स्वर चुकल्यास अर्थ चुकतो, ही अडचण दोहोंस समान आहे.

या अडचणीवर प्राचीनांनी योजलेला उपाय केवळ श्रवणाचा नव्हता. वाजसनेयी प्रातिशाख्याने स्वर हस्ताने दाखवावेत असे सांगितले. माध्यंदिन परंपरेत उदात्तासाठी हात वर, अनुदात्तासाठी खाली आणि स्वरितासाठी आडवा नेला जातो. पाणिनीय शिक्षेत तर्जनीच्या मुळाशी उदात्त, अनामिकेवर स्वरित व कनिष्ठिकेवर अनुदात्त अशी बोटांची योजना आहे. परंतु हीच शिक्षा अधम पाठकांची गणना करताना डोके हलविणाऱ्यास आणि लिहिलेले पाहून वाचणाऱ्यास दोष देते. म्हणजे नेत्रास सरसकट प्रवेश नव्हता. नियमबद्ध हस्तचालनास तो होता, लिखित पानास नव्हता.

लिखित पानाविषयीचा हा अविश्वास निष्कारण नव्हता. ऋग्वेदाच्या पोथ्यांत अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्ताची असते. शतपथ ब्राह्मणात तशीच रेघ उदात्त दाखविते. सामवेदात रेघांऐवजी अक्षरांवर अंक येतात. ऋग्वेदाच्या लेखनात तर प्रधान जो उदात्त तोच चिन्हरहित राहतो आणि स्वरितावर उभी रेघ येते. 1860 च्या दशकात पुण्यास संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या मार्टिन हौग यांनी वैदिकांचे पठण प्रत्यक्ष ऐकले. त्यात सर्वांत उंच ध्वनी उदात्ताचा नसून स्वरिताचा आहे, असे त्यांस आढळले. 1874 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी या श्रवणाच्या आधारे वैदिक स्वराच्या रूढ विवेचनास आव्हान दिले. ऋक्प्रातिशाख्यही स्वरिताचा आरंभीचा भाग उदात्ताहून उंच असल्याचे सांगते. तेव्हा हौग यांचे निरीक्षण शास्त्रास सर्वस्वी अपरिचित होते असे नव्हे.

आता मँडरिनविषयीच्या संशोधनाकडे वळू. 2008 साली चेन व मासारो यांनी दाखविले की, आवाज न ऐकवता केवळ बोलणाऱ्याचा चेहरा दाखविला तरी श्रोत्यांस स्वराचा थोडाफार सुगावा लागतो. मान व हनुवटीच्या हालचालींकडे लक्ष वेधल्यास तो वाढतो. 2017 साली हॅना व सहकाऱ्यांनी स्वराची आकृती हवेत रेखाटणाऱ्या हाताचा परिणाम तपासला. हात आणि ध्वनी जुळत असता इंग्रजी भाषकांस साहाय्य झाले. दोहोंत विसंगती असता ते हाताकडे झुकले. मँडरिन ज्यांची मातृभाषा होती ते मात्र कानावर अधिक विसंबले.

या निष्कर्षाच्या प्रकाशात वेदपाठाचा इतिहास नव्याने पाहता येतो. प्राकृतांच्या काळात उदात्तादी स्वर बोलभाषेतून लोपले. त्यानंतरचा प्रत्येक वेदाध्यायी, त्याचे संस्कृत कितीही उत्तम असले तरी, स्वरांच्या बाबतीत परभाषकच होता. अशा शिकाऱ्यास हाताचा आधार सर्वाधिक उपयोगी पडतो. हस्तचालन अनिवार्य का ठरले याचे, निदान अंशतः, हे कारण संभवते. परंतु जो हाताकडे झुकतो, त्यास कंठातील भेद क्षीण झाल्याचे भान राहीलच असे नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या काही पाठांत हस्तचालन ठळक आणि कंठस्वराचा चढउतार मात्र अल्प, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. चिन्ह उरले, चिन्हित ओसरले, असे तेथे म्हणावे लागते.

नाशिक आणि खानदेशात, म्हणजे 1998 साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या परिसरातही, माध्यंदिन शाखेची परंपरा आहे. तेथील पाठाचे केवळ ध्वनिमुद्रण केल्यास अर्धाच पुरावा हाती येईल. केवळ हस्तमुद्रा टिपल्यास कंठात काय उरले हे कळणार नाही. एकाच पाठकाचा कंठ व हात एकाच वेळी नोंदवून त्यांची अक्षरशः तुलना केली, तरच परंपरेने काय राखले आणि कशाचे केवळ चिन्ह राखले याचा निर्णय होऊ शकेल. हे कार्य आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे, आणि ते जाणत्या पाठकांच्या हयातीतच व्हावयास हवे.