जुन्या रायफलीत दोष निघाला तर जबाबदार कोण? अमेरिकेतलं रेमिंग्टन 700 प्रकरण

जुना ट्रॅक्टर घेताना शेतकरी इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर बघतो. बंदुकीचा दोष मात्र आत लपलेला असतो, आणि दिसतो तेव्हा गोळी सुटलेली असते.

रेमिंग्टन कंपनीची मॉडेल 700 ही रायफल 1962 साली बाजारात आली. शिकाऱ्यांत ती इतकी चालली की बापाची रायफल मुलाकडे, मुलाची शेजाऱ्याकडे अशी फिरत राहिली. तिच्या चापाची रचना माइक वॉकर या अभियंत्याची. या चापात एक छोटा सुटा तुकडा असतो. धूळ, गंज किंवा घट्ट झालेलं तेल अडकलं की तो जागेवर परत बसत नाही, आणि मग चाप न ओढता नुसती सेफ्टी सरकवली तरी गोळी सुटू शकते, असा आरोप झाला. कंपनीने तो कायम नाकारला.

त्यात आणखी एक भानगड होती. 1982 पूर्वीच्या रायफलीत सेफ्टी लावली की बोल्ट उघडतच नसे. म्हणजे बंदूक रिकामी करायला आधी सेफ्टी काढावी लागायची! ऑक्टोबर 2000 मध्ये मोन्टाना राज्यात रायफल रिकामी करण्यासाठी आईने सेफ्टी सरकवली आणि गोळी सुटून तिचाच 9 वर्षांचा मुलगा गेला. बोट चापावर नव्हतं, असं कुटुंबाचं म्हणणं. पुढे 2002 मध्ये कंपनीने जुन्या रायफलींचा हा बोल्ट-लॉक काढून देण्याची योजना आणली.

सीएनबीसी वाहिनीने 2010 साली दाखवलं, की खुद्द वॉकर यांनीच 1948 मध्ये सुधारणा सुचवली होती. खर्च होता बंदुकीमागे साडेपाच सेंट.

अमेरिकेत सदोष मालाचा दावा करायला वस्तू थेट कंपनीकडूनच घेतलेली असावी लागत नाही. तिसऱ्या हाताचा मालकही दावा करू शकतो. पण काही राज्यांत मुदत पहिल्या विक्रीपासून मोजतात. टेक्सासमध्ये ती 15 वर्षं आहे. मधल्या मालकाने चापात हात घातला असेल तर कंपनी तिकडेच बोट दाखवते.

2017 मध्ये कोर्टाने सामूहिक दाव्यातली तडजोड मंजूर केली. सुमारे 75 लाख बंदुका तिच्यात येत होत्या. बहुतेकांना चाप फुकट बदलून मिळणार होता, जुन्या मालकीच्यांनाही. तोवर अर्ज आले सुमारे 22 हजार! हातोहात विकलेल्या बंदुकीच्या मालकापर्यंत निरोप पोचणार कसा? तिथलं ग्राहक सुरक्षा खातंही काही करू शकत नाही, कारण कायद्याने बंदुका त्याच्या कक्षेबाहेर आहेत. 2020 मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं आणि मालमत्ता तुकड्यांनी विकली गेली. अशा लिलावात घेणारा सहसा जुनी देणी घेत नाही.

आपल्याकडे पीकसंरक्षणाचे परवाने असलेल्यांसाठी दोन गोष्टी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालासाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. तक्रार 2 वर्षांत जिल्हा आयोगाकडे करावी लागते. आणि शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती परवानाधारकाकडेच करायची, गावच्या लोहाराकडे नाही. दुरुस्तीची पावती बंदुकीच्या कागदांसोबतच ठेवावी, कारण पुढे वाद झाला तर आत कोणी हात घातला हेच आधी विचारलं जातं.