दमलेल्या शरीराची ढाल

माझ्या लहानपणी सुरगाण्याच्या आठवडे बाजारात अब्बा कापडाचं पाल टाकत. डोंगरातून बाया डोक्यावर मोळ्या घेऊन उतरत. अब्बा म्हणत, "बेटा, आधी त्यांना पाणी दे. भाव मग." मला वाटे, ही माणसं दमतच नाहीत.

मी कविता लिहिणारा माणूस, शास्त्रज्ञ नव्हे. पण या दमण्याचाही इतिहास आहे. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्यातूनच शरीरात 'फ्री रॅडिकल' नावाचे उपद्रवी कण तयार होतात. प्राणवायूच्या विषारीपणाचं मूळ या कणांत आहे, असं १९५४ साली रेबेका गर्शमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी असे कण निकामी करणारं एक विकर शोधलं. म्हणजे शत्रू घरातला, तशी ढालही घरातलीच!

१९८२ साली अमेरिकेत उंदरांना थकून पडेपर्यंत पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंत आणि यकृतात हे कण दुप्पट-तिप्पट झालेले आढळले. पुढे कळलं, की रोजच्या बेताच्या श्रमानं ही ढाल बळकट होते. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात तर 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी व्यायामाचा काही फायदाच पुसला गेला. थोडा ताण हा शरीराचा गुरू असतो. मात्र गुरूनं शिष्याला उसंत द्यायला हवी.

६ मार्च २०१८ ला नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. त्यात आमच्या सुरगाण्याचे आदिवासी मोठ्या संख्येनं होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ते मुंबईत पोचले. दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको, म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. "किती काटक माणसं!" असं जो तो म्हणाला.

काटकपणा फुकट मिळत नाही. शरीराची ढाल घडते ती जस्त, तांबं, प्रथिनं यांतून. म्हणजे नागलीच्या भाकरीतून, उडदाच्या डाळीतून, रानभाजीतून आणि शांत झोपेतून. भाकरीला जमीन लागते. मोर्चेकरी कसत असलेली वनजमीनच तर नावावर मागत होते.

कौतुक करून आपण मोकळे होतो. अब्बांना विज्ञान ठाऊक नव्हतं; पण दमलेल्या माणसाला आधी काय द्यायचं, हे पक्कं ठाऊक होतं.